दारफळणीचा दहावा माणूस

माझे बाबा चाळीस वर्षं पालघरच्या आमच्या मशिदीत गेले आणि चाळीस वर्षांत एकदाही मोजले गेले नाहीत. ही गोष्ट मी शांतपणे सांगावी असं माझ्या धाकट्या बहिणीचं म्हणणं आहे. ती लग्न करून मुंबईला गेली, तिला शांतपणा परवडतो. मला नाही.

आम्ही बेने इस्रायल. प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणतो. पालघरात ती म्हणजे माहीम रस्त्यावरचं एक कौलारू घर. पुढच्या मोठ्या खोलीत पुरुष बसत, बाजूच्या खोलीत लाकडी जाळीमागे आम्ही बायका. पुरी प्रार्थना व्हायची तर दहा पुरुष लागतात. नऊच असले तर सेफेर तोरा, म्हणजे आमची पवित्र पोथी, बाहेर काढून वाचता येत नाही आणि मेलेल्यांसाठीचा कद्दीश म्हणता येत नाही. शिवाय माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत असाही नियम. म्हणून दहा शब्दांचं एक वचन आहे. मंडळीचा प्रमुख, म्हणजे मुकादम, ते म्हणत म्हणत एकेका पुरुषाकडे बोट करतो. एका माणसाला एक शब्द. दहावा शब्द पडला की प्रार्थना सुरू.

बाबा दाराजवळच्या बाकावर बसायचे. मुकादमाचं बोट तिथपर्यंत यायचं आणि बाबांना वगळून पुढे जायचं. सात वर्षांची असताना मी जाळीतून पहिल्यांदा हे पाहिलं. मला वाटलं, मुकादम रूबेनकाकांची चूक झाली. मी मोठ्याने ओरडले, "बाबा राहिले!" आईने माझं तोंड हाताने दाबलं.

चूक नव्हती. बाबा 'काळे' होते. आमच्यात गोरे आणि काळे असे दोन भाग पाडलेले आहेत आणि त्याचा कातडीशी काडीचा संबंध नाही. मुकादम रूबेन एडवणकर तव्याच्या बुडासारखे, तरी ते गोरे. बाबा उजळ, तरी ते काळे. कारण बाबांच्या बापाची आई माहीमच्या एका पानवाडीवाल्याची मुलगी होती, आमच्यातली नव्हती. आता पोथीप्रमाणे माणसाचं यहुदीपण आईवरून ठरतं, आणि बाबांची आई, तिची आई, तिचीही आई, सगळ्या आमच्यातल्या. पोथीप्रमाणे बाबा चोख. पण पोथी वाचतं कोण? बोट मुकादमाचं.

आणि बाबा कोण, तर सुतार. ज्या कपाटात सेफेर ठेवतात ते सागवानी हेखाल बाबांनी बनवलं. चार महिने खपले, मजुरी घेतली नाही. ज्या दिवशी सेफेर आत ठेवला त्या दिवसापासून त्या कपाटाला हात लावायचा बाबांचा हक्क संपला. बिजागरी कुरकुरली की त्यांना बोलावणं यायचं, पण आधी सेफेर दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवत. बाबा तेल घालून परत येत आणि मला सांगत, "लाकूड चांगलं टिकलंय." मला तेव्हा भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे. बाबांचं नाही, मुकादमाचं.

एक काळ होता, सोळा-सतरा पुरुष जमत. मग एकेक घर इस्रायलला जायला लागलं. तिकडे म्हणे धर्मगुरूंनी आमच्या लोकांच्या लग्नांवर शंका काढल्या, तुमच्या आज्या-पणज्या कोण होत्या ते दाखवा म्हणाले. मुंबईत निषेधाच्या सभा झाल्या. मुकादमही एका सभेला गेले आणि घसा बसेपर्यंत ओरडून आले. "आमच्या आज्या तपासणारे हे कोण?" परतल्यावर शनिवारी त्याच बसक्या घशाने ते वचन म्हणाले, आणि बोट बाबांना वगळून पुढे गेलं.

सहासष्ट साली नऊच उरले. बाबांना धरून दहा.

त्या उन्हाळ्यात मुकादमांची बायको मिल्काकाकी गेली. सण उरकले की मुकादम आपल्या दोन मुलांसह इस्रायलला निघणार होते, कागदपत्रं आली होती. म्हणजे ही पालघरातली शेवटची दारफळणी. किप्पूरच्या उपासाला आमचे जुने लोक दारफळणीचा सण म्हणतात. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, पाणीही प्यायचं नाही, आणि दिवस मावळेपर्यंत बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. यानंतर इथे दहा पुरुष कधीच जमणार नव्हते. बाबा बासष्ट वर्षांचे होते. मोजले गेले तर आता, नाहीतर कधीच नाही.

मी मनाशी म्हटलं, आता कुठे जातील? मिल्काकाकीसाठी कद्दीश म्हणायचा तर दहावा लागणार, आणि दहावा दाराजवळ बसलाय.

मुकादम खरंच घरी आले. आमच्या ओटीवर पहिल्यांदाच टेकले. मी चहा ठेवला, साखर सढळ हाताने घातली. बाबा रंधा बाजूला ठेवून उभेच राहिले.

"सिपोरा, पोरी, तुजं इंग्रजी चांगलं हाय," मुकादम म्हणाले. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते. "एक चिठ्ठी लिवायची हाय. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चाललंय ना, तिथं एक अमेरिकन साहेब हाय. त्याचा जीपवाला धर्माजी माज्या गिरणीवर भात कांडायला येतो. तो सांगत व्हता, साहेब शुक्रवारी सांजचं दोन मेणबत्त्या लावतो आन् तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. आपल्यातला हाय! नाव लेविन. म्हंजे लेवीच्या कुळातला असनार."

मला आधी समजेचना. मग समजलं. दाराजवळचा माणूस नको म्हणून हे सातासमुद्रापलीकडचा माणूस आणणार होते. आणि त्याचं आमंत्रण मी लिहायचं, बिनाजी सुताराच्या मुलीने, बिनाजी सुतारासमोर.

"दहावा तर इथंच आहे, काका," मी म्हटलं.

मुकादमांनी चहाकडे पाहिलं. "बिनाजी आपलाच हाय गं. पन रीत ती रीत."

"लिव ना चिठ्ठी," बाबा म्हणाले. "मिल्काभाभीसाटी कद्दीश व्हायला पायजे."

मी लिहिली. कागद दोन ठिकाणी फाटला.

पुढल्या रविवारी मुकादम मला दुभाषी म्हणून बोईसरला घेऊन गेले. तिथून धर्माजीने जीपमधून तारापूरच्या वसाहतीत नेलं. लेविनसाहेब पस्तिशीचा, उंच, नाक उन्हाने सोललेलं. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः खोक्यावर बसला. मला त्याचा राग करायचा होता आणि त्याने मला लिंबूसरबत दिलं.

चिठ्ठी वाचून तो हसला. अमेरिकेच्या मधल्या भागात मक्याच्या शेतांनी वेढलेलं एक कॉलेजचं गाव आहे, तो तिथला. त्याचे वडील त्या कॉलेजात मातीचं शास्त्र शिकवत. गावात यहुद्यांची वीसेक घरं. त्यांनी एका दंतवैद्याचं जुनं घर विकत घेऊन त्यात प्रार्थना सुरू केली. जेवणघरात प्रार्थना आणि वरच्या मजल्यावर बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची राहण्याची सोय. शुक्रवारी नऊच जमले तर त्याचे वडील पायरीवर उभे राहायचे आणि रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या ओळखीच्या विद्यार्थ्याला हाताला धरून आत आणायचे. "दहाच्या दहा झाले की कुणी काही विचारायचं नाही," तो म्हणाला.

"काय म्हनतो?" मुकादम.

"त्यांच्याकडेही दहा जमवायला त्रास होतो म्हणतो."

मग तो त्याच्या आईबद्दल बोलला. मी विचारलंही नव्हतं. ती शेतकऱ्याची मुलगी, ख्रिस्ती, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. धर्म तिने बदलला नाही. पण वीस वर्षं दर शुक्रवारी त्या विद्यार्थ्यांसाठी मोठ्या पातेल्यात सूप तीच करायची. ती गेली तेव्हा मात्र मंडळाने तिला यहुद्यांच्या दफनभूमीत जागा दिली नाही. वडील एका बाजूला आहेत आणि ती रस्त्यापलीकडे. "मी घरी गेलो की दोन फुलांचे गुच्छ घेतो आणि रस्ता ओलांडतो," तो म्हणाला, आणि सरबताचा पेला उगाच हलवत बसला.

"आता काय म्हनतो?"

मी मुकादमांकडे पाहिलं. आई ख्रिस्ती. म्हणजे पोथीप्रमाणे हा माणूस यहुदी नाहीच. बाबा चोख आणि हा कुणीच नाही, आणि हे फक्त मला माहीत होतं. तारापूरच्या त्या पत्र्याच्या खोलीत मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. वाटली नाही.

"म्हणतो, आई फार चांगली होती," मी सांगितलं. "येईन म्हणतो."

बाबांना मी काही बोलले नाही. ते गोड मानून घेणार हे मला पाठ होतं. त्यांचं हे गोड मानून घेणंच माझ्या डोक्यात जायचं.

शुक्रवारी दुपारी धर्माजीने साहेबाला मुकादमांच्या घरी सोडलं. शनिवारी पहाटे आम्ही मशिदीत जमलो. मुकादमांनी साहेबाला आपल्या शेजारी खुर्ची दिली, मुलाकडचा रेशमी सिसीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, त्याच्या खांद्यावर घातला. बाबांना सिसीत घ्यायची कधी परवानगी नव्हती; ते धुतलेलं पांढरं उपरणं घेऊन बाकावर बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मुकादमांनी वचन सुरू केलं. आठवा शब्द, नववा शब्द, बोट बाबांना वगळून फिरलं आणि दहावा शब्द साहेबावर पडला. साहेबाने मान वळवून बाकाकडे पाहिलं, मनातल्या मनात पुन्हा मोजल्यासारखं केलं. त्याला कळलं असावं की काहीतरी जमत नाहीये. पण पाहुणा माणूस, काय बोलणार?

जाळीमागे बसून मी दिवसभर त्यांचं सगळं चुकतंय हे बघत होते. सेफेर बाहेर आला, चुकीचा. मुकादमांनी रडत रडत मिल्काकाकीचा कद्दीश म्हटला, तोही चुकीचा. माझ्या शेजारी मुकादमांची बहीण दिनामावशी डोळे पुसत होती. मी गप्प होते. मला सांगायचंही नव्हतं खरं तर. त्यांनी ही खोटी दारफळणी उराशी बाळगून इस्रायलला जावं आणि मी इथे एकटीने हसावं, एवढंच ठरवलं होतं.

दिवस कलला. शेवटची प्रार्थना, नेइला, सुरू व्हायची होती. त्या वेळी हेखालची दारं उघडतात आणि प्रार्थना संपेपर्यंत उघडी ठेवतात. ती उघडण्याचा मान सगळ्यांत मोठा. मुकादमांनी तो साहेबाला दिला.

साहेब पुढे गेला. दार उघडेना. बाबांनी केलेल्या त्या दाराला आतून लाकडी खुंटी आहे. दार जरा उचलून मग ओढावं लागतं. साहेबाने ओढलं, ढकललं. खुंटी कटकट वाजली. उपासाने थकलेले बाबा बाकावरून उठले आणि तिथूनच हाताने दाखवू लागले, असं उचला, वर उचला. दोन पावलं पुढेही आले.

"बस खाली, बिनाजी," मुकादम म्हणाले.

कुत्र्याला म्हणतात तसं म्हणाले असंही नाही. सवयीने म्हणाले. आणि बाबा सवयीने बसले.

मी जाळीचं दार उघडून पुरुषांच्या खोलीत आले. दिनामावशीने पदर धरला, तो सुटला. मी सरळ हेखालसमोर उभी राहिले.

"तुमचा हा दहावा माणूस यहुदी नाही," मी म्हटलं. "याची आई ख्रिस्ती होती. यानेच मला सांगितलं. सकाळपासून तुम्ही नऊच आहात. सेफेर नऊ जणांत काढलात, मिल्काकाकीचा कद्दीश नऊ जणांत म्हटलात. हा पोथीप्रमाणे कुणी नाही. याला इथे उभं राहायचाही हक्क नाही!"

मुकादमांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. माझं पोट भरल्यासारखं झालं, उपास असून.

साहेबाला मराठी येत नव्हतं, पण 'ख्रिस्ती' त्याला समजलं. "तू त्यांना काय सांगितलंस?" त्याने इंग्रजीत विचारलं. मला सांगावंच लागलं. माझा आवाज आपोआप खाली आला. त्याने सिसीत काढला, नीट घडी करून मुकादमांच्या खुर्चीवर ठेवला आणि दाराकडे निघाला. त्याची चाल अशी होती की हा रस्ता त्याच्या ओळखीचा असावा.

बाबा दारासमोर उभे राहिले.

"दार फळलेलं हाय," ते मराठीतच म्हणाले. "आज तारे दिसल्याबिगर कोन भायेर जात नाय." त्यांनी साहेबाचा हात धरला आणि त्याला बाकावर बसवलं. स्वतः त्याच्या शेजारी बसले.

मुकादमांनी खिडकीकडे पाहिलं. ऊन पार खाली आलं होतं. शेवटची नेइला, शेवटचा कद्दीश. ते भिंतीला हात लावून कसेबसे उभे होते. मग म्हणाले, "बिनाजी. तू ये. पुढं ये."

वयाच्या सातव्या वर्षापासून मी या शब्दांची वाट पाहत होते. बाबा, उठा, मी मनात म्हणत होते, उठा ना.

बाबा उठले नाहीत.

"ह्याला उठवून मला बसवता?" ते म्हणाले. "मंग मी नाय येत. बोलवायचं तर दोगांना बोलवा."

"बिनाजी, त्याची आई..."

"माजी आजी," बाबा म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच बाबांनी मुकादमांचं वाक्य तोडलं. आवाज चढवला नाही. मुकादम बोट अर्धवट वर धरून उभे राहिले. त्यांना फक्त एवढंच करायचं होतं, अकरा माणसं आहेत असं म्हणायचं होतं. बाहेर माहीमची एस. टी. गेली, तिचा आवाज पार विरेपर्यंत ते तसेच उभे होते. मग त्यांनी बोट मिटलं, पाठ फिरवली आणि हेखालकडे तोंड करून एकट्यानेच पुटपुटायला लागले. बाकीचे आठ जणही आपापलं पुटपुटू लागले. हेखाल बंदच राहिलं. कद्दीश झाला नाही. बायको गेलेला म्हातारा माणूस खांदे गदगदवत उभा होता, आणि तरी मला त्याची कीव आली नाही. आजही येत नाही. दोन शब्द म्हणायचे होते त्याला.

तारे दिसल्यावर बाबांनी दार उघडलं. साहेबाला धर्माजी न्यायला आला होता. साहेबाने बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आम्ही उपास सोडला. मनुकांचं सरबत मी पेल्यात ओतलं आणि बाबांसमोर ठेवलं. ते पेल्याकडे बघत बसले. मला ते सहन होईना.

"मी तुमच्यासाठी बोलले, बाबा. तुमच्यासाठी. आणि त्यांनी बोलावलं, तर तुम्ही गेला नाहीत!"

"ठाव हाय, माज्यासाटी बोललीस."

"मग?"

बाबांनी पेला उचलला, परत खाली ठेवला. कधी रागावले नव्हते माझ्यावर. मला वाटायचं, राग त्यांच्यात नाहीच, सगळा मला दिला.

"त्यो मानूस तुला आपल्या आयचं सांगून बसला," ते म्हणाले. "तुला आपली समजला म्हनून सांगितलं त्यानं. आन् ती बी त्याला रस्त्यापल्याड पुरावी लागली, असं तूच बोललीस ना आत्ता वाटेत?"

मी मान हलवली.

"मी त्या बाकावर चाळीस वर्सं बसलो, सिपोरा. रूबेन मला सोडून बोट पुढं नेतो ना, तवा त्याचं तोंड कसं दिसतं ते मला पाठ हाय. दुसऱ्या कुनाला नाय दिसत ते, फकस्त बाकावरून दिसतं." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "आज हेखालसमोर तुजं तोंड तसंच दिसत व्हतं."